मायक्रोसॉफ्ट ऑफिस एकदाच विकत घ्यावं की दर वर्षी पैसे भरावेत? (सहा संगणक, एक काका)

वारणाकाठ

सांगलीला आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. काका, मी आणि हाताखाली चार जण. सहा संगणक, चारांवर ऑफिस २०१६ आणि दोनांवर २०१९. दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालतंय अजून सगळं, पण आता सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत म्हणे.

आमचा संगणकवाला सांगतो, "साहेब, वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्या, सगळं क्लाउडवर टाका, डोक्याला ताप नाही." काका म्हणतात, "जी वस्तू दर वर्षी परत विकत घ्यावी लागते ती मी विकत घेतलीच नाही." दोघांचंही मला पटतं, हीच अडचण आहे.

काम काय ते सांगतो. आयकर, जीएसटी, टीडीएस. एक्सेल दिवसभर उघडं. वर्डमध्ये नोटिशींची उत्तरं आणि सहकारी सोसायट्यांचे लेखापरीक्षण अहवाल, तेही मराठीत. पॉवरपॉइंट कोणी उघडत नाही. फायबरचं नेट आहे, रोज बरं चालतं, पण ३० आणि ३१ जुलैला हमखास रडतं.

धंद्यात प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगा. जाहिराती मी वाचल्या आहेत.

खवट

पहिला. आता लिब्रेऑफिसवाले येतील, त्यांच्यामागून लिनक्सवाले येतील, आणि शंभराव्या प्रतिसादाला धागा मोदी-नेहरूंवर जाईल. बसलोय.

मुक्तस्रोत

आलो! :)

गंमत सोडा. लिब्रेऑफिस २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळं झालं, तेव्हापासून सतत सुधारतंय. फुकट आहे, धंद्यात वापरायलाही फुकट. नोंदणी नाही, लॉगिन नाही, नेट लागत नाही. मेनू मराठीत करता येतात. नोटिशींची उत्तरं आणि अहवाल लिहायला याहून जास्त काय हवंय? सहा संगणकांचा खर्च शून्य रुपये. काका खूश.

जमाखर्च

@मुक्तस्रोत, मी सीए आहे, ठाण्यात. तुमच्या मुद्द्याशी अर्धा सहमत.

वर्डच्या जागी लिब्रेऑफिस रायटर चालेल, माझ्याकडे दोन जण वापरतात. एक्सेलच्या जागी नाही. कारण एकच, मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आत लिहून ठेवलेल्या आणि बटण दाबलं की चालणाऱ्या आज्ञा. आयकर विभागाच्या रिटर्नच्या एक्सेल युटिलिटी (रिटर्न भरायच्या तयार फायली) मॅक्रोवर उभ्या आहेत आणि त्या मायक्रोसॉफ्टचंच एक्सेल मागतात. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडल्या तर शीट दिसते, पण 'व्हॅलिडेट'चं बटण दाबलं की काही होत नाही किंवा भलतंच होतं. विभागाची वेगळी ऑफलाइन युटिलिटी आहे, तिला एक्सेल लागत नाही, हे मान्य. पण ज्यांचा हात एक्सेलवर बसलाय ते सोडत नाहीत. शिवाय पक्षकारांकडून येणाऱ्या फायली असतातच, कोणीतरी दहा वर्षांपूर्वी मॅक्रो लिहून ठेवलेल्या आणि आता त्या माणसाचा पत्ता नाही.

संगणकवाला "सगळं क्लाउडवर" म्हणतोय त्यात हीच मेख आहे. ब्राउझरमधलं एक्सेल हे मॅक्रो चालवतच नाही. फाइल उघडेल, मॅक्रो जपून ठेवेल, पण चालवणार नाही. सबस्क्रिप्शनचा सगळ्यात स्वस्त धंद्याचा प्लॅन फक्त ब्राउझरचा असतो. तो घेऊ नका. आधी विचारा, "डेस्कटॉपवर बसणारं एक्सेल यात आहे का?"

जाता जाता: नव्या ऑफिसमध्ये नेटवरून उतरवलेल्या फाइलचे मॅक्रो आपोआप अडवले जातात. वर लाल पट्टी येते आणि 'एनेबल'चं बटणच दिसत नाही. फाइल बंद करायची, तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक' असा चौकोन असतो तिथे टिक, ओके. जुलैत आमच्याकडे नवी मुलं लागतात, त्यांचं पहिलं शिक्षण हेच. आणि ही टिक फक्त विभागाच्या साइटवरून स्वतः उतरवलेल्या फाइललाच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलला नाही म्हणजे नाही.

ओव्हरटाइम

धाग्यात एक घोळ दिसतोय तो आधीच सोडवू. सबस्क्रिप्शन आणि क्लाउड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा डेस्कटॉपवाला प्लॅन घेतला तरी वर्ड-एक्सेल तुमच्या संगणकावरच बसतात, तिथेच चालतात. फाइल संगणकातल्या डी ड्राइव्हवर ठेवायची की वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर, हे तुम्ही ठरवता. नेट गेलं म्हणून एक्सेल बंद पडत नाही. फक्त महिन्यातून एकदा तरी त्याला नेटवर जाऊन पैसे भरलेत का ते बघू द्यावं लागतं.

पैसे थांबवले तर? फाइल उघडते, वाचता येते, छापता येते, पण बदल करता येत नाहीत. म्हणजे फायली ओलीस राहत नाहीत, पण काम थांबतं. तेव्हाही तीच फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडता येतेच.

ऑफिस २०२४ एकदाच पैसे भरून मिळतं. एका संगणकासाठी एक. ऑक्टोबर २०२४ ला आलं, सपोर्ट ऑक्टोबर २०२९ पर्यंत. आज घेतलं तरी पाच वर्षं पूर्ण मिळत नाहीत, घड्याळ ते बाजारात आलं तेव्हापासून चालू आहे. ऑफिस २०२१ कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोडा, त्याचा सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतो.

चाळकरी

"एकदाच पैसे भरले की आपलं" असं काकांना वाटतंय, पण ते तसं नाही. ही पागडी आहे. रक्कम एकदम मोजायची, भाडं नाममात्र, पण मालक दुसराच. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, दुसरीकडे हलवायचं तर परवानगी, आणि इमारत जीर्ण झाली की मालक म्हणतो दुरुस्ती माझ्याकडून होणार नाही. १४ ऑक्टोबरला तुमच्या इमारतीला नोटीस लागली आहे.

खवट

गिरगावातल्या माणसाशिवाय हे कोणाला सुचणार नाही. म्हाडाकडे अर्ज करा म्हणावं काकांना.

निवृत्त_पण_कार्यरत

माझ्याकडे ऑफिस २००३ आहे. अजून चालतं. वरती फाइल, एडिट, व्ह्यू अशी साधी यादी. तो २००७ चा रिबन (वरती बटणांची पट्टी) आला तेव्हापासून मी पुढचं काही घेतलं नाही. बँकेत असताना आमच्या शाखेत एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट सगळ्यात आधी मी आणलं होतं, तेव्हा मला अडाणी समजू नये. नवीन ऑफिसमध्ये असं काय आहे जे जुन्यात होत नाही, हे मला कोणी सांगेल काय?

ओव्हरटाइम

@निवृत्त_पण_कार्यरत काका, तुम्ही घरी हिशेब ठेवता, खुशाल ठेवा, फक्त बाहेरून आलेली फाइल त्यात उघडू नका.

ऑफिसमध्ये गणिती सूत्रं लिहायचा एक जुना भाग होता, इक्वेशन एडिटर. २०१७ साली त्यात भोक सापडलं, जे सतरा वर्षं तसंच पडून होतं. मॅक्रो नको, क्लिक नको, नुसती फाइल उघडली की काम तमाम. मायक्रोसॉफ्टने शेवटी २०१८ च्या जानेवारीत तो भागच काढून टाकला. तुमच्या २००३ मध्ये तो असणारच. आणि धागाकर्त्यांच्या ऑफिसात लोकांचे पॅन, आधार, बँक खाती पडलेली आहेत. तिथे "चालतंय अजून" हे उत्तर पुरत नाही.

दुसरं म्हणजे २००३ च्या शीटमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, नव्यात १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २०२० च्या ऑक्टोबरात कोविडचे जवळजवळ १६ हजार रुग्ण आकडेवारीतून गळाले ते या जुन्या फाइल-प्रकाराच्या ओळी संपल्या म्हणून.

निवृत्त_पण_कार्यरत

माझ्या दूध-पेपरच्या हिशेबाला ६५,५३६ ओळी पुरतात. बाकी मुद्दा लक्षात आला. धन्यवाद.

बोरूबहाद्दर

मराठीत अहवाल लिहिता असं धागाकर्ते म्हणाले आणि कोणीच फॉण्टबद्दल बोललं नाही. मी पुण्यात डीटीपी करतो, त्यामुळे आमचा रोजचा रडण्याचा विषय.

वारणाकाठ, तुमचे जुने अहवाल युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना कळणारी खरी मराठी अक्षरं) आहेत की श्रीलिपी, कृतिदेव, आकृती या जुन्या फॉण्टांमध्ये? सोसायट्यांचे २०१० च्या आसपासचे असतील तर बहुतेक दुसरंच. अशा फाइलच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी कळांची खिचडी असते आणि फॉण्ट तिला मराठीचा मुखवटा घालतो. तुमच्या संगणकावर तो फॉण्ट बसवलाय म्हणून मराठी दिसतं. तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडा, तिथे तुमचा फॉण्ट नाही, की मुखवटा गळून पडला. क्लाउडवर शोधही लागत नाही. 'ताळेबंद' शोधायला जाल तर कुठल्याच फाइलमध्ये 'ताळेबंद' नाही.

युनिकोडमध्ये असलं तरी एक गंमत होते. कोकिळा फॉण्टात लिहिलेला अहवाल गूगल डॉक्समध्ये चढवा. कोकिळा तिथे नाही, दुसरा कुठलातरी बसतो, तो अंगाने मोठा. बारा पानांचा अहवाल पंधरा पानांचा होतो आणि सहीची ओळ एकटीच शेवटच्या पानावर जाऊन बसते. त्यावर उपाय म्हणजे दोन्हीकडे चालेल असा फॉण्ट धरायचा. मुक्त हा फॉण्ट फुकट आहे, गूगलमध्ये आहे आणि संगणकावरही बसवता येतो. ऑफिसातल्या सगळ्यांनी एकच फॉण्ट, अपवाद नाही.

सबस्क्रिप्शनची चव आमच्या धंद्याने सगळ्यांच्या आधी घेतली. फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीने २०१३ साली जाहीर केलं की यापुढे एकदाच विकणं बंद, दर महिन्याला भरा. विकत मिळालेलं शेवटचं म्हणजे सीएस६. आमच्या गल्लीत त्यानंतर तीन जाती झाल्या: महिन्याला भरणारे, सीएस६ ला चिकटलेले, आणि पेजमेकर ७ वर अजून लग्नपत्रिका लावणारे. तिसऱ्यांचं उत्तम चाललंय, त्यांच्या पत्रिकेत दहा वर्षांत काही बदललेलं नाही, फक्त 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' तेवढं नवीन.

मुक्तस्रोत

@बोरूबहाद्दर, वाक्यावाक्याला +१. सबस्क्रिप्शन घ्या नाहीतर लिब्रेऑफिस वापरा, आधी जुन्या फायली युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर मिळतात. रूपांतर झाल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर बहुधा तिथेच चुकतात.

उत्तरायण

हॅम्बुर्गहून. आमच्या शेजारच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं की सरकारी कामासाठी मायक्रोसॉफ्ट ऑफिस सोडून लिब्रेऑफिस घेणार. सुमारे ३०,००० संगणक. कारण नुसतं पैशाचं दिलं नाही, सरकारी कागद कोणाच्या हातात राहतील हेही दिलं.

पण जर्मनीचंच दुसरं उदाहरण आहे ते मुक्तस्रोत सांगणार नाहीत म्हणून मी सांगतो. म्युनिक महापालिकेने २००३ ला विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं, हजारो संगणक बदलले, जगभर कौतुक झालं, आणि २०१७ ला परत विंडोजवर जायचा ठराव केला. त्यात राजकारण होतं, तसंच बाहेरच्या कार्यालयांशी फायलींची देवाणघेवाण जुळत नसल्याच्या तक्रारीही होत्या. तुमच्या सहा संगणकांची अडचणही तीच असणार. तुमच्यापुरतं काहीही वापरा हो, पण समोरचा एक्सेलच पाठवणार.

मुक्तस्रोत

म्युनिकमध्ये तांत्रिक कारण कमी, राजकारण जास्त होतं. पण या धाग्यावर तो वाद नको, वेगळा धागा काढतो.

खवट

काढू नका.

लाल_डबा

देशाबाहेर कशाला जाता? २०२५ च्या जुलैत नायरा एनर्जीचं काय झालं ते आठवा. मुंबईत मुख्यालय, वाडीनारला रिफायनरी, रशियाच्या रोसनेफ्टचा हिस्सा. युरोपीय संघाने निर्बंध लावले, मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. आउटलुक बंद, टीम्स बंद. भारतातली कंपनी, पैसे भरलेले, भारतातला कुठला कायदा मोडलेला नाही. दिल्ली उच्च न्यायालयात गेले, मग काही दिवसांत सेवा परत चालू झाली. ज्यांच्या कपाटात सीडी होती त्यांचं असं कोणी काही करू शकलं असतं का?

ओव्हरटाइम

@लाल_डबा, मुद्दा बरोबर, पण सांगलीच्या कर सल्लागारावर युरोपीय संघ निर्बंध लावेल असं वाटत नाही. काकांचा रोसनेफ्टशी काही संबंध असल्यास धागाकर्त्यांनी खुलासा करावा.

वारणाकाठ

काकांचा संबंध फक्त भारत पेट्रोलियमच्या पंपाशी, तोही उधारीचा. :)

चाफा_सुलभा

निर्बंध लांबच राहिले, साधं खातं बंद झालं तरी पुरे. माझा दीर छायाचित्रकार आहे. त्याची बिलं, करारनामे, सगळं एकाच क्लाउड खात्यात. एके दिवशी लॉगिन होईना. "नियमभंग आढळला." कुठला नियम, कुठल्या फाइलमुळे, काही नाही. अर्ज केला की यंत्राचं उत्तर. माणसाशी बोलायला नंबर नाही. शेवटी खातं परत मिळालं, का ते कळलं नाही, जसं बंद का झालं ते कळलं नव्हतं. मधले आठवडे तो ग्राहकांना मेलवरून जुनी बिलं परत मागत होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच तिच्या समर्थकांचा मोर्चा इकडे येईल. माझं म्हणणं एवढंच की क्लाउडवर ठेवा, पण एकुलती एक प्रत तिथे ठेवू नका.

वाशिष्ठी

आता उलट बाजू. मी चिपळूणची. २२ जुलै २०२१.

आमच्या दुकानाच्या शेजारी एका वकिलांचं ऑफिस, तळमजल्यावर. शिस्तीचा माणूस. दर शनिवारी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर बॅकअप, तारखेची चिठ्ठी चिकटवून. ती डिस्क संगणकाच्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याकडे सरकत होतं, टेबलाचं काय घेऊन बसलात. पाणी ओसरल्यावर ड्रॉवर उघडेना, लाकूड फुगलं होतं. फोडून डिस्क काढली तर आतून गाळ आला. चिठ्ठीवरची तारीख मात्र वाचता येत होती.

आमचं दुकानाचं खातं वाचलं ते भाच्याने हौसेने गूगल ड्राइव्हवर टाकलं होतं म्हणून. आमच्यापैकी कोणी ते मागितलंही नव्हतं.

वारणाकाठ, तुम्ही सांगलीचे. २०१९ चा पूर तुम्हाला मी सांगायची गरज नाही. सॉफ्टवेअर विकत घ्या नाहीतर भाड्याने, फायलींची एक प्रत कृष्णेच्या पाण्याला पोचणार नाही अशा ठिकाणी हवी.

वारणाकाठ

@वाशिष्ठी, २०१९ ला आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं, आठवडाभर तिथे पोचताच आलं नाही. कागद कोरडे होते, पण आम्ही बाहेर. ऑगस्टचा महिना, रिटर्नांची गर्दी. तुमचा मुद्दा काकांना वाचून दाखवला, पहिल्यांदाच गप्प बसून ऐकलं त्यांनी.

तिरफळ

गोंयकार मास्तर बोलतो. आमच्या शाळेत गूगलचं शिक्षणसंस्थांसाठीचं फुकट खातं आहे. पाच शिक्षक एकाच निकालपत्रकात एकाच वेळी गुण भरतात. पूर्वी पेन ड्राइव्ह फिरायचा आणि 'निकाल_फायनल', 'निकाल_फायनल_२', 'निकाल_खरंच_फायनल' अशा फायली व्हायच्या. आता कोणी कोणाचा आकडा बदलला ते इतिहासात दिसतं, त्यामुळे भांडणं कमी, म्हणजे वेगळ्या विषयावर.

पण फुकटाचं फुकट राहत नाही. शाळांना आधी साठवण अमर्याद होती, मग प्रत्येक संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आली. आम्हाला ती जन्मात लागणार नाही, पण देणाऱ्याने ठरवलं आणि बदललं, तुम्हाला कोणी विचारत नाही. सत्तरीत पावसाळ्यात वीज गेली की टॉवर जातो, टॉवर गेला की निकालपत्रक गेलं. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी एक एक्सेल प्रत उतरवून घेतो.

सहा जण एकाच फाइलवर काम करता का तुम्ही? नसाल तर क्लाउडचा निम्मा फायदा तुमच्या कामाचा नाही.

मीनल_कोथरूड

किमतीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून माझे दोन पैसे. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा घरचा पर्सनल प्लॅन भारतात आधी वर्षाला पाच हजारांच्या आत होता, २०२५ च्या सुरुवातीला एकदम सात हजारांच्या जवळ नेला, कारण आत कोपायलट हा एआय मदतनीस घातला. मला नको होता. जुन्या ग्राहकांना तेव्हा कोपायलटशिवायचा 'क्लासिक' प्लॅन जुन्या भावात ठेवता येत होता, पण तो दिसायचा कुठे, तर सबस्क्रिप्शन रद्द करायला निघालात की वाटेत. ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाने याच मुद्द्यावर २०२५ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. तिकडे २७ लाख ग्राहकांचा प्रश्न आहे.

सबस्क्रिप्शनमध्ये मला खटकतं ते हेच. पहिल्या वर्षाची किंमत तुम्ही ठरवून घेता, पाचव्या वर्षाची ते ठरवतात.

पाचशेवाला

ऑनलाइन पाचशे रुपयांत ऑफिसची लाइफटाइम की मिळते. मी घेतली, दोन वर्षं मस्त चालू. तुम्ही सगळे हजारोंच्या गप्पा का मारताय?

ओव्हरटाइम

@पाचशेवाला, ती की बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या किंवा कॉलेजच्या घाऊक परवान्यातली असते. त्यांनी ती बंद केली की तुमचं लाइफटाइम संपलं. घरी तुमचं तुम्ही बघा. ज्याच्या ऑफिसात लोकांचे कर भरले जातात त्याने स्वतःच्या परवान्याचं बिल दाखवता येईल असं राहावं.

जमाखर्च

बिलाचा विषय निघालाच आहे तर हिशेबाची बाजू सांगतो, काकांना यात रस वाटेल.

एकदाच घेतलेलं सॉफ्टवेअर भांडवली खर्च, संगणकाच्याच गटात ४० टक्के घसारा, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर पहिल्या वर्षी निम्माच. सबस्क्रिप्शन हा महसुली खर्च, त्याच वर्षी पूर्ण वजा. जीएसटीची नोंदणी असेल आणि बिलावर तुमचा नंबर असेल तर १८ टक्के कर दोन्हीकडे परत मिळतो. म्हणून क्रेडिट कार्डावर पुतण्याच्या वैयक्तिक खात्यातून घेऊ नका, कित्येक ऑफिसांत तेच चाललेलं असतं. आणि 'होम अँड स्टुडंट' २०२१ वगैरे कोणी गळ्यात मारत असेल तर ते धंद्यात वापरायला परवानगी नाही.

दुसरं, तुमचे पक्षकार प्रायव्हेट लिमिटेड असतील तर २०२२ च्या ऑगस्टमध्ये कंपन्यांच्या लेखानियमात बदल झाला आहे. इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा. आधी ठरावीक काळाने होता, आता रोज. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काय बदललं याची नोंद बंद करता येणार नाही अशी हवी. हे तुमच्या कर सल्लागार ऑफिसला थेट लागू नाही, पक्षकारांना आहे. ते तुम्हालाच विचारणार.

आणि काकांना एक आदरपूर्वक प्रश्न: टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं टीएसएस, म्हणजे दर वर्षीची वर्गणी, कधीपासून भरताय?

वारणाकाठ

टीएसएस टॅली घेतल्यापासून दर वर्षी भरतो. काकांना विचारलं. म्हणाले, "ते वेगळं." का वेगळं ते नंतर सांगतो म्हणाले.

चाळकरी

वेगळं आहे खरं. टीएसएस भरलं नाही तर टॅली चालू राहतं, नवी आवृत्ती आणि काही जोडसेवा तेवढ्या मिळत नाहीत. पैसे थांबले तर काम थांबतं की नुसत्या सुधारणा थांबतात, काकांचा राग त्या फरकावर आहे. काका बरोबर आहेत, त्यांना मांडता येत नाहीये इतकंच.

लाल_डबा

झोहोचं काय? केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल तिकडे गेली. मंत्री जाहीर करून गेले. भारतीय कंपनी, निर्बंधांची भानगड नाही.

जमाखर्च

झोहो राइटर छान आहे, पत्रव्यवहाराला मला आवडतं. पण मॅक्रोवाल्या युटिलिटीचं उत्तर तेच. हातात मायक्रोसॉफ्टचं एक्सेल लागणार, सहा नाही तरी दोन संगणकांवर.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार, प्रतिसाद छापून काकांच्या टेबलावर ठेवले होते. (त्यांनी लाल पेनाने खुणा केल्या आहेत, खवट यांच्या प्रतिसादांवरही.)

ठरल्यासारखं ठरलंय ते असं. ज्या दोन संगणकांवर युटिलिटी चालतात तिथे ऑफिस २०२४, धंद्याच्या परवान्याचं, ऑफिसच्या नावाने बिल. बाकी चारांवर लिब्रेऑफिस, तीन महिने बघायचं. ज्याला अडेल त्याने वहीत लिहायचं, नुसती कुरकुर चालणार नाही. सबस्क्रिप्शन फक्त एक, तेही साठवणीसाठी, सगळ्यांच्या अंतिम फायली रात्री त्यावर जातील. एक हार्ड डिस्क काकांच्या मिरजेच्या घरी, दर शनिवारी बदलायची. जुने श्रीलिपीतले अहवाल युनिकोडमध्ये आणायला डिसेंबरात एका मुलीला बसवणार, तेव्हा काम कमी असतं.

मीनल_कोथरूड

चारांवर लिब्रे असताना मुलं एक्सेलच्या फाइलचं स्वरूप बिघडवून दोन संगणकांकडे पाठवतील, ते सांभाळा. सेव्ह करताना एक्सेलच्याच प्रकारात करायची सवय लावा. सेटिंगमध्ये कायमचं करता येतं.

उत्तरायण

एक राहिलंच विचारायचं. ते संगणक कोणत्या सालचे? ऑफिसच्याच दिवशी विंडोज १० चाही सपोर्ट संपलाय. ऑफिस २०२४ घेतलं आणि खाली विंडोज १० च राहिलं तर वरचं दार नवीन आणि मागची भिंत उघडी.

वारणाकाठ

बघून आलो. सहापैकी चार सहाव्या-सातव्या पिढीचे आय३, दोन दहाव्या.

ओव्हरटाइम

मग चारांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढणार नाही. इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) लागतं. दहाव्या पिढीचे दोन ठीक. त्या दोनांवर आधी विंडोज ११ करा, मग तिथेच ऑफिस २०२४ बसवा, युटिलिटीचं काम त्यांवर हलवा. उरलेल्या चारांना मायक्रोसॉफ्टचे जादा सुरक्षा अपडेट घेता येतात. घरगुती योजना ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, धंद्यासाठी वेगळी आहे आणि तिचे पैसे दर वर्षी वाढतात. एवढे पैसे जुन्या आय३ वर घालण्यापेक्षा...

मुक्तस्रोत

...त्या चारांवर लिनक्स टाका! लिब्रेऑफिस तर बसवणारच आहात.

खवट

सांगितलं होतं ना पहिल्याच प्रतिसादात.

वारणाकाठ

लिनक्सचं काकांपुढे बोलायला अजून आठवडा द्या. टीडीएसची रिटर्न तयार करायची युटिलिटी जावावर चालते, ती लिनक्सवर नीट चालते का, कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का? आणि आमच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर मिळेल का?